साऱ्या गल्लीचं एकच उत्तर

"तू त्याले पोहे दिले?"

"घरी आलेल्या माणसाले काय दारातूनच परतवू?"

"पोहे दे, चहा दे, जेवू घाल, माह्यं काही म्हणणं नाही. पण त्यानं विचारलं तेव्हा तू काय सांगतलं, आई?"

"जे साऱ्यांले सांगते तेच."

"तेच म्हणजे?"

"एकच पोरगी. पुढं-मागं कोणी नाही."

बोलताना कुसुमचा मशीनवरचा पाय थांबला नव्हता. तिनं ब्लाऊजची बाही फिरवून घेतली, दोरा दातानं तोडला आणि मान वर न करता दुसरी बाही सुईखाली सरकवली. समोर निधी उभी होती. पाठीवरची बॅग अजून पाठीवरच, नव्या रायपूरहून येणाऱ्या बसमधली धूळ अजून भुवयांवर.

"तो अमरावतीच्या स्थळाकडचा माणूस नव्हता," निधी म्हणाली. "तो माह्या तपासणीले आला होता. युनिव्हर्सिटीकडून."

मशीन थांबलं.

"कोणती तपासणी?"

"दुसऱ्या वर्षाची. सांगतलं होतं ना तुले. आम्हाले दोन महिने सरकारी दफ्तरात बसवतात, काम शिकायले. त्याच्या आधी घरची माहिती काढतात. तू म्हटलं होतं, काढू दे, आपलं काय आहे लपवायले."

कुसुमनं कपाळावर बोटं टेकवली. गेल्या आठवड्यात आलेला तो माणूस तिला आता पुन्हा दिसला: उतारवयाचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही, बोलणं मऊ. बच्ची के बारे में थोड़ी जानकारी चाहिए थी, एवढंच तो म्हणाला होता. कोणाकडून आलात, असं तिनं विचारलं नव्हतं. असं कोणी विचारतच नाही.

स्थळाची चौकशी कशी होते, ते इथं सांगायला हवं, नाहीतर ही चूक वेडेपणाची वाटेल. रायपूरच्या ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात मराठी घरं दाटीनं आहेत. काही भोसल्यांच्या काळापासूनची, काही मागून रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेली. मुलीचं कुठं बोलणं सुरू झालं की मुलाकडचा एखादा वडीलधारा माणूस न सांगता गल्लीत येतो. आपण कोण, कुठून आलो, हे तो सांगत नाही. सांगितलं तर चौकशी कसली? पानठेल्यावर थांबतो, शेजारच्या ओट्यावर टेकतो, पाणी मागतो. मग हळूच विचारतो, अमक्यांची मुलगी कशी आहे हो? आणि गल्ली त्याला ओळखूनही ओळख दाखवत नाही. दोन्हीकडून हा खेळ तसाच खेळायचा असतो.

या खेळात कुसुम भुसारी उस्ताद होती. तिच्याकडे ब्लाऊज शिवायला, साड्यांना फॉल लावायला साऱ्या पाऱ्यातल्या बायका यायच्या. माप घेता घेता, तोंडात टाचण्या धरून, ती त्यांना पढवायची. जास्त कौतुक करायचं नाही, समोरचा सावध होतो. एक बारीकसा दोष आपणच सांगून टाकायचा, म्हणजे बाकीचं सारं खरं वाटतं. आणि दोष असा निवडायचा की होणाऱ्या सासूला आतून बरं वाटावं. थोडी हट्टी आहे, असं कधी म्हणायचं नाही. स्वयंपाकात थोडी कच्ची आहे, असं म्हणायचं. शिकवणारी मिळाली की शिकेल, हे त्यावर ठेवून द्यायचं. या एका वाक्यावर गल्लीतल्या कितीक पोरी नागपूर, दुर्ग, बिलासपूरला नांदायला गेल्या होत्या.

स्वतःच्या मुलीचं उत्तर मात्र तिला फार जपून रचावं लागलं. त्यातून एक माणूस वगळायचा होता. तो माणूस म्हणजे तिचा थोरला मुलगा नीलेश.

रायपूर राजधानी झालं त्याच्या बरंच आधी कुसुम तिरोड्याहून लग्न होऊन इथं आली. नवरा शंकर रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. माणूस अबोल, सायकलवरून जाणारा, दर पगाराला गोल बाजारातून बायकोसाठी नवा दोरा आणि मुलांसाठी खाजा आणणारा. नीलेश आयटीआय करून उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागला. निधी त्याच्याहून बरीच लहान, दादाच्या सायकलच्या दांडीवर बसून वाढलेली. मग एके दिवशी मिलमध्ये तापलेली सळी उसळून एक मजूर गेला. त्याच्या घरच्यांना काही मिळावं म्हणून बाकीचे मजूर त्याचं प्रेत घेऊन फाटकापुढं बसले. त्यांत नीलेश होता. दगड कोणी मारले, ते कधी कळलं नाही. पकडले गेले त्यांत मात्र तो होता. आणि पुढं एका माणसानं सांगितलं की हा पोरगा जंगलवाल्यांची, म्हणजे नक्षलवाद्यांची, पत्रकं वाटत होता. एका माणसानं. तेवढ्यावर कलमं बदलली, जामीन लांबला.

शंकर दर भेटीच्या दिवशी डबा घेऊन जेलच्या फाटकाशी उभा राहायचा. मुलगा आत असतानाच एका दुपारी कारखान्यात त्याच्या छातीत कळ आली, आणि तो घरी परतला तो चौघांच्या खांद्यावर जायलाच. अग्नी द्यायला नीलेशला आणलं, दोन्ही बाजूंना पोलीस. साऱ्या पाऱ्यानं ते पाहिलं. कुसुमनं त्या दिवशी मुलाकडे पाहिलं नाही.

पुढं खटला उभा राहिला तेव्हा तो सांगणारा माणूस साक्षीला आलाच नाही. नीलेश निर्दोष सुटला. पण निर्दोष ही गोष्ट गल्लीच्या तोंडी चढत नाही, जेल चढतं. निधी लग्नाच्या वयाची झाली, नागपूरचं एक चांगलं स्थळ ठरत आलं, आणि कोपऱ्यावर कोणीतरी भाऊ जेलात होता असं बोलून गेलं. त्यानंतर नागपूरहून फोन येईना. तेव्हा कुसुम शेजारच्या गोदावरीबाईकडे गेली आणि म्हणाली, यापुढं कोणी विचारलं तर सांगा, एकच पोरगी. पुढं-मागं कोणी नाही. गोदावरीबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या आणि "हव" म्हणाल्या. मग त्यांनी पानठेल्यावरच्या सुशीलला सांगितलं, समोरच्या इंदूला सांगितलं. मायेपोटीच सांगितलं. हळूहळू ते इतकं रुळलं की गल्लीत नव्यानं आलेल्या भाडेकरूंना कुसुमताईंना मुलगा होता हे ठाऊकही नव्हतं.

तेच उत्तर त्या पांढऱ्या शर्टाच्या माणसाला सगळीकडे मिळालं होतं.

"त्यानं जाऊन काय सांगतलं, ठाऊक आहे?" निधीनं आता बॅग उतरवून दिवाणावर टाकली. "सरांनी मले आज बोलावून घेतलं. म्हणे, तुझ्या गल्लीत तिघांना विचारलं, चौथी तुझी आई. चौघांचं एकच वाक्य. मुलगी साधी, एकटीच, स्वयंपाकात थोडी कच्ची. त्याच क्रमानं. आई, आम्हाले पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. खरं सांगणारे चार जण चार तऱ्हेनं सांगतात. चौघांनी एकच वाक्य म्हटलं तर तिथं चार माणसं नसतात, एकच असतो. त्याले शोधायचं."

"मग? मी आहे ती. पकडून ने म्हणावं."

"त्यांले वाटते ती मी आहे."

कुसुमनं बाही सुईखालून काढून बाजूला ठेवली.

निधीनं मग सारं नीट सांगितलं. राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तवार्ता या विषयाच्या एमएला तिनं अर्ज केला, तेव्हा मुलाखतीतच तिनं दादाबद्दल सांगून टाकलं होतं: अटक, जेल, सुटका, आता तो कांकेरला ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये आहे, सगळं. समोर बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि तिला प्रवेश दिला. भाऊ निर्दोष सुटला होता, त्यांची काहीच हरकत नव्हती. हरकत आता निघाली होती. मुलगी म्हणते भाऊ आहे, आई म्हणते नाही, आणि गल्ली आईसारखं बोलते. म्हणजे या मुलीला माणसं पढवता येतात, आणि ती पढवते. अशा मुलीला ते दफ्तरात कसं बसवणार?

"शनिवारी तो माणूस परत येऊन राहिला," निधी म्हणाली. "सरांनी वरच्या अधिकाऱ्यांकडून मागून घेतला, एक मौका. तू त्याले सांगायचं, मले एक मुलगा आहे. बस. नाही सांगतलं तर माह्यं दुसरं वर्ष होत नाही."

"रविवारी अमरावतीचे येऊन राहिले."

"मले ठाऊक आहे."

"शनिवारी मी गल्लीच्या मधोमध बसून सांगू, माहा पोरगा जेलात होता, आणि रविवारी त्यांच्यापुढं कांदेपोहे ठेवू?"

"मी त्या अमरावतीवाल्यासाठी शिकून नाही राहिली."

"हो ना. तू ज्यांच्यासाठी शिकून राहिली ते मले कळते." कुसुम उठून उभी राहिली, मांडीवरच्या चिंध्या खाली पडल्या. "ज्यांनी त्याले गाडीत घालून नेलं, त्यांच्यातच जाऊन बसणार आहेस तू. तुह्या बापाले डबा घेऊन तासन्‌तास उन्हात उभं ठेवलं, त्यांच्यात. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, शिकू दे, लग्नापर्यंत तेवढाच विरंगुळा."

"त्या तपासणीवाल्यालेही तू हेच सांगतलं. लग्न झालं की सोडून देईल. तेही आलं आहे त्याच्या रिपोर्टात."

"मग काय सांगाचं होतं?"

निधी बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"आई, दादाले एका माणसाच्या बोलण्यावर आत ठेवलं. तो माणूस कोण, त्याले काय ठाऊक, त्याले दादाशी काय घेणं होतं, हे कोणी तपासलं नाही. कुठंतरी एका खुर्चीत कोणी एक बसला होता, त्याच्यापुढं ते आलं, त्यानं वाचलं आणि पुढं सरकवलं. मले त्या खुर्चीत बसायचं आहे. आम्हाले शिकवतात, माणूस वेगळा तोलायचा, त्याची बातमी वेगळी तोलायची. चांगला माणूस खोटं सांगू शकते. लबाड माणूस खरं सांगू शकते. त्या दिवशी कोणी एवढं केलं असतं तर बाबा डबा घेऊन उभे राहिले नसते."

"आणि मी?" कुसुमनं विचारलं. "मले तुम्ही कशात तोलता? चांगली, की लबाड?"

निधी हात-पाय धुवायला मागं निघून गेली. त्या संध्याकाळी मायलेकी एकमेकींशी जेवणापुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई आल्या. त्यांना सारं कळलं होतं. सुशीलच्या ठेल्यावरून गल्लीला कळायला वेळ लागत नाही. आल्या त्या दारातच बसल्या, आत यायला तयार होईनात. त्या म्हणाल्या, आपणच त्या माणसाला ओट्यावर बसवून सगळ्यांत जास्त बोललो, आपल्यामुळं पोरीचं वर्ष जाईल. कुसुमनं त्यांची समजूत काढली. त्यांनी डोळे पुसले, आणि मग, सवयीनं, आवाज बारीक करून विचारलं, "मग आता काय सांगायचं, कुसुमताई? तो उद्या आला तर?"

कुसुमला हसू आलं आणि तिथंच विरलं. साऱ्या गल्लीला नवं उत्तर हवं होतं, आणि या वेळी तिच्याजवळ ते नव्हतं.

"जे आठवते ते सांगा," ती म्हणाली.

"मले तर तो लहानपणीचाच आठवते. आमच्या छतावर पतंग पकडायले चढायचा. एकदा कौलं फोडली होती त्यानं."

"तेच सांगा."

गोदावरीबाई गेल्यावर कुसुम अस्तराचं कापड आणायला म्हणून गोल बाजारात गेली. दुकानदारानं थान उलगडून तिच्यापुढं टाकलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मुलगा कांकेरला असतो हे तिला ठाऊक होतं. तेवढं कोणीतरी सांगून गेलं होतं. त्यापलीकडं तिनं कोणाला काही विचारलं नव्हतं. उद्या त्या माणसानं विचारलं, तुमचा मुलगा कसा आहे, तर काय सांगणार होती ती? गोदावरीबाईंकडे निदान फुटलेली कौलं होती. तिच्याकडे दारातली एकच आठवण होती, आणि ती आजवर तिनं कोणाला सांगितली नव्हती. निधीला सुद्धा.

दुकानदारानं तिसऱ्यांदा विचारलं, दीदी, कितना काटूँ? तिला माप आठवेना. ती रिकाम्या हातानं परतली.

शनिवारी दुपारी तो आला. तोच इस्त्रीचा शर्ट. या वेळी त्यानं दारातच नाव सांगितलं, शालिग्राम. पोलिसात होतो, आता निवृत्त आहे, हे काम करून देतो, असंही सांगितलं. मागच्या वेळी न सांगता तुमच्याकडे पोहे खाल्ले त्याचं वाईट वाटतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंच वाटलं. त्यानं निधीला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. दार उघडंच राहिलं. निधीची पाठ आतून दिसत होती.

तो हिंदीत विचारत होता, कुसुम तिच्या मराठीत उत्तर देत होती, अडलं तिथं हिंदी घालत. रायपुरात असं बोलणं कोणाला अडत नाही. आधी त्यानं सोपंच विचारलं: घर किती वर्षांचं, यजमान कुठं होते. मग तो थांबला. पुढचा प्रश्न त्यानं फार हळू विचारला.

"दीदी, बच्चे कितने हैं आपके?"

कुसुमच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. इतकी वर्षं वापरलेलं, गुळगुळीत झालेलं. तिनं ते गिळलं.

"दोन," ती म्हणाली. "थोरला नीलेश."

शालिग्रामनं मान हलवली आणि गप्प राहिला. गप्प राहणं हा त्याच्या कामाचाच भाग असावा, कारण त्या गप्प बसण्यात कुसुमला पुढं बोलावं लागलं. आणि एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. गल्लीला मीच पढवलं, ती म्हणाली. पोरीनं नाही. पोरगी तर भांडायची माह्याशी, की दादाचं नाव काहून घेत नाही. गोदावरीबाईले मी सांगतलं, तिनं बाकीच्यांले सांगतलं. लिहून घ्या हे.

"लेकिन क्यों?" त्यानं विचारलं. "शादी के लिए?"

"लग्नासाठी, हो." तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आणि त्याच्यासाठी."

"किसके?"

"नीलेशसाठी. तो सुटून आला ना, त्या दिवशी दारात उभा होता. हातात कपड्यांची पिशवी. मी त्याले आत नाही घेतलं. म्हटलं, तुह्या बहिणीचं लग्न होऊ दे. लग्न झालं की मग ये, मग कोणी काही म्हणणार नाही. तो बरं म्हणाला. चिडला नाही, काही नाही. बरं म्हणाला आणि गेला. आता तिचं लग्न झाल्याशिवाय मी त्याले कोणत्या तोंडानं बोलावू? आणि त्याचं नाव सांगतलं तर लग्न होत नाही. मग मी काय करू? मी साऱ्यांले सांगत राहिली, एकच पोरगी. म्हटलं, एकदाचं लग्न होऊ दे, मग मी गल्लीत ओरडून सांगीन."

बाहेर ओट्यावर निधीची पाठ हलली. तिनं वळून आत पाहिलं नाही.

शालिग्रामनं खिशातून पेन काढून दोन ओळी लिहिल्या आणि टोपण लावून टाकलं. तो म्हणाला, हे जसं आहे तसंच मी सांगेन, पढवणारी आई होती, मुलगी नव्हती, कारण घरचं होतं. तुमच्या मुलीचं दुसरं वर्ष अडणार नाही. सोमवारपासून तिला जाता येईल. कुसुमनं हात जोडले. पोहे करू का, असं विचारण्याचा तिला धीर झाला नाही.

तो उठला. माणूस भला होता. जाताना काही चांगलं बोलून जावं म्हणून तो थांबला.

"मैं कांकेर भी हो आया हूँ, दीदी. वो भी पूछना पड़ता है हमको. अच्छा लड़का है आपका. अपना छोटा-सा गैरेज कर लिया है. बहू वहीं के अस्पताल में नर्स है. एक छोटी बच्ची है, मेरी उँगली पकड़के पूरा घर दिखा दिया उसने." तो हसला. "भाई-बहन का प्यार तो देखते बनता है. हर साल भाईदूज पर बिटिया वहीं रहती है, मोहल्ले वाले सब पहचानते हैं इसको."

कुसुम भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून शालिग्रामला कळलं की आपण जास्तीचं बोललो. तो नमस्कार करून, चपला पायात सरकवून, गल्लीतून निघून गेला.

निधी आत आली आणि दाराशीच उभी राहिली. दर दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, निधी धमतरीला मैत्रिणीकडे जाते म्हणून जायची. दुसऱ्या दिवशी परत यायची. तिला भाऊ नाही असं आपणच जगाला सांगत होतो, म्हणून त्या दिवशी तिला घरात बसवत नाही, जाऊ देतो, असं कुसुम मनाशी म्हणायची. तिच्या पिशवीत घरचा अनारशांचा डबाही आपल्या हातानं ठेवून द्यायची.

"अनारसे तो खात होता," कुसुम म्हणाली.

"हव."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू नाव घेऊ देत होती का, आई? एकदा मी दादा म्हटलं तर तू दोन दिवस जेवली नाहीस. तुले सांगणं आणि न सांगणं, दोन्हीत तुले त्रासच होता. मी न सांगणं निवडलं."

"त्या मुलाखतवाल्यांले सांगतलं."

"त्यांनी विचारलं होतं."

कुसुमनं हे ऐकून घेतलं. रागवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. ती मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसली, सुईत दोरा नव्हता तरी चाकावर हात ठेवला. उद्या अमरावतीवाल्यांना मीच सांगीन, ती म्हणाली, आधी सांगीन, मग पोहे देईन. खायचे असतील तर खातील. निधीनं मान हलवली. हे लग्नाचं बोलणं दोघींच्या दृष्टीनं संपलेलंच होतं.

"पोट्टीचं नाव काय ठेवलं?" कुसुमनं विचारलं.

"श्रावणी."

"कोणासारखी आहे?"

"नाक बाबांचं आहे. बोलते फार. तिच्या आईसारखं छत्तीसगढी बोलते, मधेच मराठी. मीच शिकवली थोडी."

"चालते?"

"धावते, आई. यंदा शाळेत घातली."

कुसुमच्या हाताखालचं चाक थोडं फिरलं, सुई रिकामीच वर-खाली झाली. शाळेत जाणारी नात. म्हणजे इतक्या भाऊबिजा गेल्या. तिनं हिशेब केला नाही. तिनं पदरानं चेहरा पुसला, मशीनवरचं कापड सारखं केलं, पुन्हा विस्कटलं. एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारल्यावाचून बाकीचं काही विचारण्यात अर्थ नव्हता. ती निधीकडे न पाहता बोलली.

"निधी. मले तोलू नको, सरळ सांग. तू जातेस, दोन दिवस राहतेस, तुम्ही दोघं बोलत बसता. तो कधी काही विचारतो का माह्याबद्दल? आई कशी आहे, एवढं तरी?"

निधीनं आईकडे पाहिलं. जे विचारलं त्याचं खरं तेच सांगायचं, हे तिनं जवळजवळ वर्षभर शिकून घेतलं होतं, आणि त्याच भरवशावर ती या घरात आज भांडली होती. ओठांवर आलेलं 'नाही' तिनं गिळलं. मग तिनं दिवाणावरची बॅग उचलली, खांद्याला लावली, आणि उंबरठा ओलांडून, गोदावरीबाईंच्या ओट्यावरून, कोपऱ्यावरच्या ठेल्यापुढून, मागं वळून न पाहता निघून गेली.